डाव्या हाताचा मोजा

रायफल नेमबाजाचा हातमोजा आपण पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याचे एकटेपण डोळ्यांत भरते. तो जोडीने मिळत नाही. उजव्या हाताने ट्रिगर दाबणाऱ्या नेमबाजाला हवा असतो तो केवळ डाव्या हाताचा मोजा. उजवा हात बहुधा उघडाच राहतो, कारण ट्रिगरवरचा काही ग्रॅमांचा दाब ओळखायचा तर बोटाची त्वचा आणि धातू यांच्यामध्ये काहीही आलेले त्याला सोसत नाही. गोळी सुटते ती उजव्या हाताच्या बोटाने, म्हणून पाहणाऱ्याची नजरही तिकडेच जाते. डावा हात मात्र काही करताना दिसत नाही. नियमाप्रमाणे आठ किलोपर्यंत भरू शकणारी रायफल तळव्यावर घेऊन तो नुसता धरून राहतो. पण या खेळाचे मर्म ज्याला उमगले आहे, तो जाणतो की हे नुसते धरून राहणे हीच नेमबाजीतली सर्वांत दुष्कर कला आहे. त्या कलेच्या अगदी निकट असलेले वस्त्र म्हणजे हा मोजा. म्हणून तो घाईने विकत न घेता, आधी त्याचा एकेक बारकावा उजेडात धरून न्याहाळावा, असे मला मनापासून वाटते.

हे रसग्रहण नाशिकमध्ये बसून करण्यात एक औचित्यही आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेले भोंसला मिलिटरी स्कूल याच शहरात, रामभूमी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण आवारात उभे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीतून आलेला स्वप्निल कुसाळे शालेय वयात येथे शिकला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य जिंकल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक गळ्यात घालायला मध्ये बहात्तर वर्षे जावी लागली. आणि याच नाशिकच्या पंचवटीत ज्या धनुर्धराचे वास्तव्य आपण श्रद्धेने सांगतो, त्या रामाचे वर्णन करताना वाल्मीकींनी बालकांडात धनुष्य आणि खड्ग यांच्याच पंक्तीला हातावरची चामड्याची गोधा आणि बोटांवरचे अंगुलित्राण बसवले आहे. विश्वामित्रांच्या मागून निघालेले राम आणि त्याचा भाऊ हे दोन कुमार कवीला शस्त्रांइतकेच त्यांच्या हातांवरच्या आवरणांनी शोभून दिसले. हाताच्या रक्षणाकडे सौंदर्यदृष्टीने पाहण्याची रीत आपल्याकडे अशी जुनी आहे.

आता मोजाच्या तळव्याकडे वळू या. इथे रबराचा एक थर असतो आणि त्यावर बारीक खळगे किंवा उंचवटे उमटवलेले असतात. तळव्यावरून अंगठा फिरवला की तो क्षणभर अडतो, आणि त्या अडण्यातच या थराचे प्रयोजन आहे. रायफलचा पुढचा दस्ता तळव्यावर टेकतो तेव्हा तो घट्ट पकडायचा नसतो. पकडायला गेले की स्नायू ताणतात, ताणलेला स्नायू थरथरतो आणि ती थरथर पन्नास मीटरवर जाऊन उमटते. तिथले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. त्यामुळे नेमबाज आपला भार हाडांवर सोपवायला शिकतो. दस्ता तळव्यावर, तळवा मनगटावर, मनगट पुढच्या हाताच्या हाडांवर आणि कोपर जमिनीवर, गुडघ्यावर किंवा कमरेच्या हाडावर, अशी ती उतरंड असते. स्नायूंनी या साऱ्यात शक्य तितके निवांत राहायचे असते. रबराचा थर घसरण थांबवतो, म्हणून बोटांना आवळण्याची गरज उरत नाही. एवढीशी खरखर बोटांना त्यांचे काम सोडून द्यायची मोकळीक देते, हा विचार केला की त्या साध्या रबराविषयी आदर वाटू लागतो.

तळव्याहून अधिक कौतुक वाटावे ते मोजाच्या पाठीचे. प्रोन आणि नीलिंग, म्हणजे पालथे झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना, दंडापासून निघालेला पट्टा, ज्याला रेंजवर सगळे स्लिंग म्हणतात, हाताच्या पाठीवरून वळसा घेऊन रायफलच्या हँडस्टॉपपाशी, म्हणजे दस्त्याखाली हात अडवणाऱ्या खुंटीपाशी, जाऊन अडकतो. हा पट्टा ताणलेला असतो आणि ताणलेलाच असावा लागतो, कारण रायफलचा भार तोच दंडाकडे पोहोचवतो. पण दंडातून आणि मनगटातून रक्तवाहिन्या जातात. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्ताची एक लाट पाठवते, ती लाट पट्ट्याला हळूच धक्का देते, पट्टा रायफलला देतो, आणि साइटमधून पाहणाऱ्या डोळ्याला काळे लक्ष्य नाडीच्या लयीत हलताना दिसते. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला स्वतःच्या जिवंतपणाचाच अडथळा होऊ शकतो हे कळते. मोजाच्या पाठीवरचा फोमचा मऊ थर ही लाट वाटेतच विरवतो. तो पट्ट्याचा दाब एका कडेवर साचू न देता सबंध पाठीवर पसरवतो, धातूच्या कडीची धार हाडाला लागू देत नाही, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात हँडस्टॉप रुतून बोटांना मुंग्या येण्याचा प्रसंग टाळतो. शत्रूच्या शस्त्रापासून रक्षण करणारी आवरणे आपण पुष्कळ पाहिली. हे आवरण निशाण्याचे रक्षण करते ते नेमबाजाच्याच हृदयापासून.

मग मनात येते, हा थर आणखी जाड का करू नये? दोन बोटे जाडीचा फोम घातला तर नाडी पार विझून जाईल. इथे नियम आडवा येतो, आणि मला तर हा नियमच या वस्तूचा सर्वांत रमणीय भाग वाटतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने ठरवले आहे की तळव्याची आणि पाठीची मिळून जाडी १२ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. शिवणी आणि जोड तेवढे वगळायचे. स्पर्धेच्या साहित्य तपासणीत मोजा मापकात धरला जातो आणि काटा बाराच्या पुढे सरकला तर तो मोजा बाद होतो. बारा मिलिमीटर, त्यात रबर, चामडे, फोम, अस्तर सगळे बसवायचे. तळव्याला अधिक दिले तर पाठीचे कमी होते. पाठ गुबगुबीत केली तर तळवा पातळ पडतो. उत्तम कारागीर या बारा मिलिमीटरांकडे वृत्ताच्या मात्रांप्रमाणे पाहतो. जिथून पट्टा जातो तिथे फोम दाट, जिथे दस्ता टेकतो तिथे रबर पुरेसे, आणि बोटांच्या पेरांवर, जिथे वाकणे आहे, तिथे चामडे अगदी पातळ. दोन मोजे शेजारी ठेवून त्यांची जाडी अशी जागोजागी चिमटीत धरून पाहिली, की कोणत्या कारागिराने नेमबाजाचा हात खरोखर अभ्यासला आहे ते चटकन कळते.

नियमाची दुसरी अट मनगटाशी आहे, आणि ती पहिलीपेक्षाही अर्थगर्भ. मोजा मनगटाच्या हाडाच्या मध्यापासून ५० मिलिमीटरपेक्षा पुढे जाता कामा नये, मनगटावर आवळणारा पट्टा, बटण वा कोणतेही बंधन त्याला असता कामा नये. घालता यावा म्हणून थोडेसे इलास्टिक चालते, पण घातल्यावर मोजा मनगटाभोवती सैलच राहिला पाहिजे. या अटीचे मोल मराठी माणसाला दांडपट्ट्याकडे पाहून नेमके समजेल. दांडपट्ट्याचा लोखंडी खोबळा हात आत घेतो, मनगटाला आणि पुढच्या हाताला एकजीव करतो, आणि पाते त्या हाताचाच विस्तार होऊन फिरते. मनगट जखडले जाते म्हणूनच पट्टेबाजाचे वार असे गोलाकार, असे सबंध खांद्यातून येतात. तिथे आवरणच हाताला स्थैर्य देते. नेमबाजीच्या मोजाला मात्र नेमके हेच मना आहे. त्याने हात राखावा, पण हाताला आधार देऊ नये. मनगट सरळ राहायचे ते नेमबाजाच्या साधनेने, आवळलेल्या चामड्याने नव्हे. एक आवरण हाताचे बळ वाढवते आणि दुसरे हाताला त्याच्या स्वतःच्या बळावर सोडून फक्त दुखापत दूर ठेवते. या दुसऱ्या प्रकारच्या रक्षणात जी नम्रता आहे, ती मला फार हृद्य वाटते.

बोटांकडे पाहिले तर मोजाच्या अनेक रीती दिसतात. कोणी पाचही बोटे पूर्ण झाकणारा मोजा पसंत करतो, कोणी बोटांची टोके उघडी ठेवणारा, तर कोणी असा, ज्यात अंगठा आणि तर्जनी वेगळी आणि उरलेली तीन बोटे एकत्र नांदतात. उघड्या टोकांच्या मोजात दस्त्याचा स्पर्श बोटांना थेट कळतो आणि उन्हाळ्यात हात कमी घामेजतो. बंद मोजा दाब सर्वत्र सारखा वाटून देतो. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, प्रत्येक हाताची आपली प्रकृती असते. पण एक गोष्ट सर्वांनीच पाहावी, ती म्हणजे शिवण. मोजा उलटा करून आतून बोट फिरवावे. अंगठ्याच्या बेचक्यात जाड शिवण लागली, किंवा तळव्याच्या मध्यावर दोन जोडांची गाठ आली, तर ती सुरुवातीला जाणवणार नाही. विसाव्या शॉटनंतर मात्र तीच जागा ठणकू लागेल. चांगल्या मोजात शिवणी भाराच्या वाटेतून बाजूला काढलेल्या असतात, बोटांच्या कडांना नेऊन ठेवलेल्या. ज्या मोजाची शिवण शोधावी लागते, तो मोजा शोधून घेण्याच्या लायकीचा असतो.

आणि हाच एक मोजा तीन आसनांना पुरतो, हे तर विलक्षणच. थ्री पोझिशनमध्ये पात्रता फेरीत नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग या प्रत्येक आसनात वीस असे साठ शॉट असतात. नीलिंगमध्ये कोपर गुडघ्यावर टेकते आणि तळवा पसरून दस्त्याखाली जातो. प्रोनमध्ये कोपर जमिनीवर, पट्टा सर्वाधिक ताठ, आणि मोजाच्या पाठीची खरी कसोटी. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभे राहून नेम धरताना, स्लिंगची परवानगीच नाही. मग तोच हात मूठ होतो, किंवा बोटे उभी करून एखाद्या खांबासारखा रायफलखाली लागतो, कोपर कमरेच्या हाडावर विसावते, आणि जे चामडे आतापर्यंत तळव्यावर सपाट पसरले होते ते आता बोटांच्या सांध्यांभोवती वळ्या घेऊन भार तोलते. स्वप्निलने पॅरिसच्या पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुण मिळवून सातव्या स्थानाने अंतिम फेरी गाठली, तिथे ४५१.४ गुणांवर त्याचे कांस्य निश्चित झाले. अंतिम फेरीत एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात आणि गुणांचा निवाडा दशांशात होतो. हे आकडे वाचताना आपण त्या डाव्या हाताचाही विचार करावा, जो नीलिंगपासून स्टँडिंगपर्यंत तीन रूपे घेतो आणि तरीही एकच स्पर्श जाणतो.

खेळाच्या रेंजवरून आपण जरा गणवेशाच्या रेंजकडे जाऊ, कारण नाशिकमध्ये ती दोन्ही आहेत. महाराष्ट्र पोलीस अकादमी येथे आहे, आणि जवळच देवळालीला सैन्याचे तोफखाना विद्यालय. तिथल्या हातांना सामोरे जावे लागते ते वेगळ्याच जगाला. पळत येऊन आडोशाला पालथे पडायचे, सह्याद्रीच्या काळ्या खडकावर हात टेकायचा, तापलेल्या बॅरलजवळून बोटे न्यायची, बाहेर फेकले जाणारे गरम काडतूस झेलायचे नाही पण लागले तर सोसायचे. इथे मोजा जोडीनेच लागतो, मनगटावर आवळणारा पट्टा हवाच, आणि बोटांच्या गाठींवर कठीण कवच असले तर उत्तम. तळव्याला शेळीचे चामडे किंवा दणकट कृत्रिम सुएड, तर्जनीचे टोक मात्र पातळ. या मोजात एक दोष अक्षम्य मानावा, तो म्हणजे बोटाच्या टोकाशी उरलेले जास्तीचे कापड. तेवढी एक सुरकुती ट्रिगर गार्डमध्ये अडकली, तर नको त्या क्षणी गोळी सुटू शकते. म्हणून सामरिक मोजा हा दस्तान्यापेक्षा त्वचेच्या जवळ असावा. घातल्यावर मूठ वळावी, बोट वेगळे काढावे, मॅगझिन बदलून पाहावे, आणि यांपैकी कुठेही मोजाची आठवण होता कामा नये.

टिकाऊपणाचे मापही इथे शब्दांवर सोडलेले नाही. यांत्रिक धोक्यांसाठीच्या ईएन ३८८ या युरोपीय मानकात मोजाचे घर्षण, काप, फाटणे आणि टोचणे यांच्या वेगवेगळ्या कसोट्या होतात. घर्षणाच्या कसोटीत तळव्याचा तुकडा खरखरीत कागदावर ठरलेल्या दाबाने फिरवतात. १०० फेरे टिकला तर पहिली पातळी, ५०० ला दुसरी, २००० ला तिसरी आणि ८००० ला चौथी. मोजाच्या आतल्या पट्टीवर छापलेल्या आकड्यांतला पहिला आकडा हा. तो वाचता येणारा ग्राहक 'मजबूत' या मोघम विशेषणावर अवलंबून राहत नाही. पण त्यातही तारतम्य हवे. घर्षणात सर्वोच्च असलेला मोजा बोटांना बधिर करत असेल, तर ती मजबुती नेमबाजाच्या कामाची नाही. टिकण्याचा अर्थ न फाटणे एवढाच घेतला तर आपण फसतो. ज्या स्पर्शासाठी मोजा निवडला, तो स्पर्श वर्षभरानंतरही तसाच कळावा, हे खरे टिकणे.

नाशिकची हवा या टिकण्याची वर्षभर परीक्षा पाहते. मेच्या उन्हात तळवा घामाने भिजतो, घामातले मीठ चामड्यात मुरते आणि चामडे वाळताना कडक होते. पावसाळ्यात मोजा पिशवीतच राहिला तर अस्तराला बुरशीचा वास धरतो. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा निफाडच्या द्राक्षबागांत शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवून घडांना गारठ्यापासून जपत असतात, तेव्हा रेंजवरच्या मुलांची बोटेही आखडलेली असतात आणि रबर थंडीने थोडे ताठ झालेले असते. यावर उपाय साधे आहेत, पण रोजचे आहेत. सराव संपताच मोजा हातातून काढावा, आतून हवा लागेल असा उघडून सावलीत वाळवावा, उन्हात कधी टाकू नये, रबरावरची धूळ ओलसर फडक्याने पुसावी आणि जॅकेटच्या ओझ्याखाली दडपून ठेवू नये. फोम एकदा कायमचा दबला की पाठीची मऊ शक्ती गेली; मग मोजा वरून नवा दिसला तरी नाडी पुन्हा साइटमध्ये डोकावू लागते. मोजा बदलण्याची वेळ झाली हे चामड्याच्या भेगेआधी लक्ष्याच्या त्या बारीक हालचालीवरून समजते.

निवडीचा प्रसंग आता आपल्याला सोपा वाटेल. आपले मूल रेंजवर जाऊ लागले असेल, तर मोजा घेताना शक्यतो त्याचे जॅकेट, स्लिंग आणि सरावाची रायफल जिथे आहे तिथे, प्रशिक्षकांच्या देखत, मोजा घालून पाहावा. दुकानात हात सरळ धरून मोजा बसतो की नाही हे पाहणे अपुरे, कारण हा मोजा सरळ हातासाठी शिवलेलाच नाही. पट्टा ताणून, पालथे झोपून, पंधरा-वीस मिनिटे तसेच राहावे. बोटांना मुंग्या आल्या का, अंगठ्याच्या मुळाशी दाब साचला का, आसन सोडून पुन्हा धरल्यावर हात त्याच जागी परत आला का, हे तीन प्रश्न विचारावेत. मुलाचा हात वाढता आहे म्हणून एक माप मोठा घेण्याचा मोह आई-बाबांना होतो, आणि तो स्वाभाविकही आहे. पण सैल मोजात तळवा आतल्या आत सरकतो आणि तळव्यावरचे ते सारे कष्टाने घडवलेले रबर निरुपयोगी ठरते. रंग शेवटी पाहावा. जाडी मात्र आवर्जून मोजून घ्यावी, म्हणजे पहिल्याच मोठ्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर मुलाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही.

काही वर्षे वापरलेला मोजा कुणा नेमबाजाने आपल्या हाती दिला, तर तो अवश्य पाहावा. पाठीवर पट्ट्याची तिरपी खाच उमटलेली असते, बेचक्यात हँडस्टॉपने आपली जागा करून ठेवलेली असते, तळव्यावरचे खळगे एका ठरावीक पट्ट्यातच झिजलेले असतात. झीज जितकी एका जागी, तितके आसन स्थिर. झीज पसरलेली असेल तर हात दररोज नवी जागा शोधत होता. जाणता प्रशिक्षक अशा मोजावरून शिष्याच्या आसनाविषयी बरेच काही सांगू शकतो. त्या खुणा घडवल्या आहेत त्या हजारो वेळा केलेल्या एकाच कृतीने, आणि मोजाने त्या कृतीत स्वतःची म्हणून काहीच भर घातलेली नाही. त्याने हात दुखू दिला नाही, घसरू दिला नाही, एवढेच. नेमबाजाचे स्थैर्य त्याने उसने दिले नाही, म्हणूनच जे गुण पडद्यावर उमटतात ते पूर्णपणे त्या माणसाचे असतात. साधन निवडताना ही कसोटी आपण कुठेही लावू शकतो. कष्टाची जागा घेणारे साधन टाळावे, आणि कष्टाला इजेपासून वाचवणारे साधन आनंदाने घ्यावे.